खाद्यतेल : पीक आपले, गिरणीही आपली हवी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सोयाबीनला भाव का मिळत नाही, हे सकाळपासून तीन-चार जणांनी मला विचारले. मी कृषिविद्येचा माणूस. बीजप्रक्रिया आणि खताच्या मात्रा सांगाव्यात अशी माझ्याकडून अपेक्षा असते. पण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शिवारात नाही, तेलगिरणीत आहे.

देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. २०२२-२३ आणि २०२३-२४ या वर्षांत ही आयात दरसाल सुमारे १६० लाख टन होती. पूर्वी असे नव्हते. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. सुधारित वाण, आधारभाव आणि आयातीवरील नियंत्रण यांची सांगड बसली. १९८५-८६ मध्ये तेलबियांचे उत्पादन सुमारे १०८ लाख टन होते, ते १९९६-९७ मध्ये २४० लाख टनांच्या पुढे गेले. मात्र १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८ पर्यंत हे शुल्क १५ टक्क्यांवर आले. स्वस्त तेलापुढे गिरण्यांना टिकणे कठीण झाले. गावोगावचे घाणे तर त्याआधीच थंडावले होते.

एक क्विंटल सोयाबीनपासून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड मिळते. खरे तर हे पेंडीचेच पीक म्हणायला हवे, आणि त्याचा भावही मुख्यतः पेंडीवर ठरतो. आपण अर्जेंटिनाचे सोयाबीन तेल आणतो तेव्हा त्याची पेंड, गाळपाची मजुरी, हमाली, वाहतूक हे सारे तिकडेच राहते. त्यात आता इथेनॉल कारखान्यांतील धान्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला आहे.

मे २०२५ मध्ये शुद्ध तेलावरील प्रभावी आयातशुल्क ३५.७५ टक्के राहिले. कच्च्या तेलावरचे मात्र २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले. यामुळे शुद्धीकरणाचे काम देशात राहते, हे चांगलेच आहे. पण शुद्धीकरण कारखाना बंदरावर बाहेरचे कच्चे तेल घेऊनही चालतो. त्याला संरक्षण मिळाले म्हणजे आपले बी गाळणाऱ्या गिरणीला मिळाले, असे होत नाही. कारखानदारी वाढवा असे म्हणताना नेमकी कोणती, हे विचारले पाहिजे.

मग गावात गिरणी काढावी का? सोयाबीनसाठी काढू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या एक्सपेलरमधून निघालेल्या पेंडीत सहा ते आठ टक्के तेल राहून जाते. मुळात अठरा-वीस टक्के तेल असलेल्या बियांत ही तूट परवडत नाही. सॉल्व्हंट प्लँटमध्ये ती एक टक्क्याच्या आसपास येते, पण तो प्लँट मोठ्या भांडवलाचा. सोयाबीन तिकडेच जाऊ द्या. फक्त वाळवून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणून, गटाने एकत्र विका.

लहान एक्सपेलर करडई, भुईमूग, तीळ यांसाठी योग्य. त्यातही करडईकडे आपण उगाच पाठ फिरवली. तिची मुळे खोल जातात, त्यामुळे भारी जमिनीत जिरायत रब्बीला ती तग धरते. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी होती, पण आता कापणी व मळणी कंबाइन हार्वेस्टरने होते. पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पंधरवड्यापर्यंत करावी. हेक्टरी दहा ते बारा किलो बियाणे वापरावे आणि अंतर ४५ × २० सें.मी. ठेवावे.

गटाने यंत्र घेण्याआधी परिसरात करडईचे किती एकर होतील याची नावानिशी यादी करावी आणि यंत्र वर्षातून किती दिवस चालेल ते मांडून पाहावे. पहिल्यांदा अनुदानाचा अर्ज भरण्याची घाई करू नये. दोन महिने चालून दहा महिने झाकून ठेवलेली गिरणी कर्जाचा हप्ता फेडत नाही. तेल कोण घेणार, पेंड कोणत्या गोठ्यात जाणार, हेही त्याच यादीत लिहा. यादी घेऊन आलात तर आपण बसून आकडे तपासू.