वह घर पर क्या बात करता है?

शिक्षणावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की पालक म्हणून मी एकदा सपशेल नापास झालोय.

१९९६ साल. मी काश्मीरमध्ये फील्ड पोस्टिंगवर, पत्नी आणि मुलगा जबलपूरला. मुलगा चौथीत आणि ही त्याची चौथी शाळा. घरी मराठी, वर्गात हिंदी-इंग्रजी. सुट्टीवर आलो तर प्रगतिपुस्तकात शेरा : वर्गात बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी शाळेत हजर. बाईंना म्हणालो, याला रोज सगळ्यांसमोर उभं करा, धडा वाचायला लावा, आठवड्यात सुधारेल. रंगरूटांना मी असंच बोलतं करायचो. (तेही सगळे काही त्यानं बोलके झाले नव्हते, ही गोष्ट वेगळी.) बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘साहब, वह घर पर क्या बात करता है?’

मला उत्तर येईना. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘बाबांच्या पत्राबद्दल. छप्पन्न एपीओ हे गाव नकाशात का नाही, हे रोज विचारतो.’

फौजी पत्त्यावर नंबर, युनिट आणि ‘५६ एपीओ’ एवढंच असतं, जागेचं नाव नसतं. पोरगं ॲटलासमध्ये बापाचं गाव शोधत होतं. हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या दिवसापासून दर शनिवारी बायको डायरीत दोन ओळी लिहायची, सोमवारी बाई दोन ओळी लिहायच्या. एकदा बाईंनी त्याला माझं पाकीट वर्गात आणायला सांगितलं. फौजी टपाल कसं पोहोचतं ते त्यानं उभं राहून सांगितलं म्हणे. मी तेव्हा परत वर पोहोचलो होतो. मला हे पत्रानंच कळलं.

आता निवृत्तीनंतर महूत राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मुलीच्या सरकारी शाळेच्या समितीवर आहेत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार अशा समितीत किमान पाऊण सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा. कागदावर उत्तम! प्रत्यक्षात बैठक सकाळी अकराला. त्या वेळी ताई तिसऱ्या घरी भांडी घासत असतात. रजिस्टर फाटकावर येतं, त्या सही करतात. आणि मुलीच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही, हे सांगायचं राहूनच जातं.

मी त्यांच्यासोबत गेलो. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो, आणि ते फार जड गेलं. ताईच बोलल्या. मुख्याध्यापक दचकले, चिडले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चार दिवसांत कडी बसली. बैठकीची वेळ बदलायला मात्र दोन महिने लागले, कारण संध्याकाळी थांबायचं तर शिक्षकांच्या बसचा प्रश्न होता. तोही त्यांनी पहिल्यांदाच पालकांना सांगितला.

पुढची बैठक शनिवारी पाचला आहे. काल ताई म्हणाल्या, ‘साब, इस बार आप नहीं आए तो भी चलेगा.’