गाठ काढत का नाहीत?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. साताऱ्याहून, कराडहून, तासगाव-जतकडून रोज माणसं इथं येतात. स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेऊन आलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. डॉक्टर सांगतात, "आजार हाडांत गेलाय. सध्या ऑपरेशन नको, औषधं सुरू करू." बाहेर आल्यावर नवरा, भाऊ, जाऊ एकमेकांना विचारतात, "गाठ तर हाताला लागतेय, मग काढत का नाहीत? आशाच सोडली की काय?" मग कुणी म्हणतं पुण्याला जाऊ, कुणी म्हणतं दागिने मोडू, पण ऑपरेशन करूच.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई. पण बायका माझ्यापाशी मन मोकळं करतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी नीट समजून घेतलं.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला म्हणजे तो अंगभर पसरला असं नव्हे. तिथं शस्त्रक्रिया हा उपचाराचा मुख्य भाग असतो. ती टाळणं धोक्याचं. हाडं, फुप्फुसं, यकृत किंवा मेंदू इथं आजार पोहोचला, तर ती चौथी अवस्था. आजचं बोलणं तिच्याविषयी आहे.

गाजरगवत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. फुलायच्या आधी उपटलं तर रान साफ राहतं. बी रानभर पडल्यावर बांधावरचं एक रोप उपटून भागत नाही. चौथ्या अवस्थेत रोगाच्या पेशी रक्तावाटे दूर जाऊन रुजलेल्या असतात. त्या सगळ्यांपर्यंत सुरी पोहोचत नाही. औषध पोहोचू शकतं.

हा नुसता तर्क नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांना एका अभ्यासात घेतलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला स्तनाची व काखेची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दिले, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४२ जणी हयात होत्या, दुसऱ्या गटात ४३. छातीवरचा आजार शस्त्रक्रियेनं जास्त आटोक्यात राहिला, पण आयुष्य वाढलं नाही. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या तशाच अभ्यासातही २०२२ साली हेच दिसलं. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात मात्र शस्त्रक्रियेचा फायदा आढळला. पण तिथले दोन गट सारखे नव्हते, असा आक्षेप आहे. म्हणून आजार अगदी मोजक्या ठिकाणी असेल आणि औषधं चांगली लागू पडली असतील, तर काही डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

मग शस्त्रक्रिया हद्दपार झाली का? तसंही नाही. गाठ फुटून रक्त येतं, जखमेला वास येतो, त्या शरमेनं बाई माणसांत बसेनाशी होते. अशा वेळी गाठ काढल्यानं तिचे दिवस सुसह्य होऊ शकतात. पोखरलेलं मांडीचं हाड मोडायच्या आत त्यात सळई घालणं, मणक्यातल्या मज्जारज्जूवरचा दाब काढणं, हीसुद्धा शस्त्रक्रियाच. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

चौथ्या अवस्थेतला आजार सहसा मुळापासून जात नाही, हे खरं. पण हार्मोनच्या गोळ्या, केमोथेरपी, नवी नेमकी औषधं यांच्या आधारानं कित्येक स्त्रिया काही वर्षं घर, शेत, नोकरी सांभाळतात. दागिने मोडायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: या ऑपरेशननं आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? त्यासाठी औषधं किती दिवस थांबतील? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं?

आणि हे विचारताना तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. आत घ्या. छाती तिची आहे, दिवसही तिचे आहेत.