टेबल दाराजवळ आहे

व्यासपीठावरील मान्यवर आणि खाली बसलेले, म्हणजे पुस्तकं खरोखर वाचणारे मित्रहो,

माझी ओळख करून देताना स्वागताध्यक्ष ‘विनोदी कादंबरीकार’ मोठ्यानं म्हणाले आणि ‘स्वतःची पुस्तकं स्वतःच काढतात’ हे हळूच. उपवर मुलाच्या पायाला सहावं बोट आहे, हे सांगावं तसं. आज ते बोट मी चपला काढून दाखवणार आहे.

‘भाऊसाहेब आले होऽ’ ही कादंबरी मी स्वखर्चानं काढली. 500 प्रती. त्याआधी हस्तलिखित दोन प्रकाशकांकडे नेलं होतं. पहिले म्हणाले, “ऐतिहासिक लिहा नाहीतर विनोदी लिहा, दोन्ही एकदम नको, कुणाच्या तरी भावना दुखावतील.” कुणाच्या, हे त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्यांना भावनांची चिंता नव्हती. त्यांनी माझ्याकडेच पैसे मागितले आणि वर एका नामवंतांची प्रस्तावना मिळवून देतो म्हणाले. त्या नामवंतांना हस्तलिखित कधी पाठवू, असं विचारलं, तर ते म्हणाले, “त्याची गरज नसते.” माझेच पैसे जाणार असतील तर पुस्तकावर नाव तरी माझंच असू दे, म्हणून मी प्रकाशक झालो.

कादंबरी कशावर आहे ते सांगतो. जाहिरात म्हणायची तर खुशाल म्हणा. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात डांबलं. 1776 साली तिथल्याच अधिकाऱ्यानं त्याला बाहेर काढलं आणि बघता बघता कोकणातली माणसं, किल्ले, फौज त्याच्यामागे गेली. महादजी शिंद्यांना त्याच्यावर चालून जावं लागलं. पळून कुलाब्याला गेला तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर नाटक लिहिलं. मला मात्र त्याच्यात आपला व्यवसायबंधू दिसला. ‘भाऊसाहेब’ ही या माणसानं स्वतःच काढलेली आवृत्ती! प्रस्तावना नाही, वितरक नाही, आणि तरी अर्ध्या कोकणात खपली.

यात हसण्यासारखं काय, असं पहिल्या रांगेतून एक चेहरा मला मघापासून विचारतो आहे. तोतया मला हास्यास्पद वाटतच नाही. हास्यास्पद आहेत ती त्याच्याभोवतीची शहाणी माणसं: आपल्या सोयीनं त्याला ओळखणारी, आपल्या सोयीनं विसरणारी. आणि पुण्यात होत्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, ज्यांनी भाऊ गेले हे अखेरपर्यंत मानलं नाही. त्यांच्यावर माझ्या कादंबरीत एकही विनोद नाही. तेवढी अक्कल विनोदी लेखकालाही असते.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या माणसांना सर्दी होत नाही. त्यांच्या नेत्रांत अंगार असतो, मिशीला पीळ असतो आणि ‘मीठ कमी आहे’ एवढंही सांगायचं तर ती पल्लेदार वाक्यात सांगतात. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 साली इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यातली पानिपतच्या मोहिमेची पत्रं वाचा. रसद पाठवा, पैसा पाठवा, उशीर का होतो आहे? भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा तगादा लावताहेत आणि गोविंदपंतांकडे अडचणी आहेत. थकबाकी, सबबी, उधारी. हा आपल्या घरातला इतिहास आहे. त्याला मखरात बसवलं की तो बोलायचा थांबतो. कागदपत्रांत आहे ते मी वाचलं, नाही ते रचलं, आणि कुठलं रचलं ते शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. पल्लेदारवाल्यांनी एवढं तरी करावं.

आता स्वतःचं पुस्तक स्वतः विकण्याच्या लाजेबद्दल. यॉर्कशायरमध्ये लॉरेन्स स्टर्न नावाचा एक पाद्री होता. त्याची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ लंडनच्या प्रकाशकानं नाकारली. त्यानं 1759 साली तिचे पहिले दोन भाग यॉर्कात पदरमोड करून छापले आणि मग काय केलं? आपल्याच पुस्तकाची तारीफ करणारं पत्र स्वतः लिहिलं आणि ओळखीच्या एका गायिकेकडून, तिनंच लिहिल्यासारखं, लंडनला धाडलं! मी अजून एवढा खालच्या थराला गेलेलो नाही, पण विचार चालू आहे. त्या कादंबरीत टोबीकाका आहेत. 1695 च्या नामूरच्या वेढ्यात जखमी झालेले. आपली पोरं दिवाळीत किल्ला करतात ना, तसे ते बागेत खंदक, बुरूज करून वेढा पुन्हा लढत बसतात. इतिहासही तोच आणि हसूही तिथलंच. भाऊसाहेब पटदुराहून उत्तरेला निघाले त्याच 1760 च्या मार्चात स्टर्न लंडनमध्ये मिरवत होता, आणि आधी नाकारणाऱ्या त्याच दुकानानं पुस्तकाचे हक्क पैसे मोजून घेतले. इकडची ती दोन दुकानं मात्र अजून माझा फोन उचलत नाहीत.

काही मंडळी मला म्हणाली, अध्यक्षांनी तरी संमेलनाची शान राखावी. 1885 साली जोतीराव फुल्यांनी या संमेलनांची पूर्वज असलेल्या ग्रंथकार सभेला पत्र लिहून तिच्यात सामील व्हायला नकार दिला होता. या संमेलनांची खरी शान मला त्या नकारात दिसते. इथं आज तेरा जणांच्या पिशव्यांत स्वतः छापलेली पुस्तकं आहेत. मी मोजली. दुपारच्या जेवणात ती पिशवीतच राहिली, कारण संयोजकांनी ‘वैयक्तिक विक्रीस मनाई’ अशी पाटी लावली आहे. मोठ्या दुकानांच्या मांडवातही विक्रीच चालली आहे. फरक एवढाच, की तिथं लेखक उभा नसतो.

माझ्या पुस्तकात चुका आहेत. पान 84 वर ‘सरदार गरजले’चं ‘सरदार गजरले’ झालं आहे. मुद्रितं मी रात्री अकरानंतर तपासली, दुसरं कुणी तपासायला नव्हतं. एका समीक्षकानं पुस्तकावर लिहिलेल्या चार ओळींपैकी तीन त्या गजरावर आहेत. चौथीत पुस्तकाचं नाव चुकलं आहे.

आता संयोजकांना अध्यक्ष या नात्यानं माझी पहिली आणि शेवटची सूचना: ती पाटी काढा आणि त्या तेरा जणांना टेबल द्या. तोवर माझं टेबल दाराजवळ आहे, चपलांच्या डाव्या अंगाला. 340 प्रती गेल्या, उरलेल्या आमच्या पलंगाखाली होत्या, त्या सौंनी आज सकाळी रिक्षात घालून दिल्या आहेत. किंमत 250 रुपये. सुटे आणा.