माशाच्या ताटातले सोयाबीन
(मंडळाच्या श्रावणातील व्याख्यानात केलेले भाषण)



श्रावणात माशांवर व्याख्यान, हे ऐकून काहींना हसू आले. पण आजचा विषय ताटातल्या माशाचा नसून माशाच्या ताटाचा आहे, आणि त्या ताटात आपल्या माळव्याचे सोयाबीन आहे.

सोयाबीनच्या दाण्यात 18 ते 20 टक्के तेल असते. ते काढल्यावर उरते ती पेंड. आपण इंदूरकर तिला 'डीओसी' म्हणून ओळखतो. तिच्यात साधारण 45 टक्के प्रथिने असतात. बरीचशी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशी जाते, काही मत्स्यखाद्याच्या कारखान्यांत.

मत्स्यखाद्यात जुना मान फिशमीलचा, म्हणजे वाळवून दळलेल्या मासळीचा. त्यात प्रथिने 60 टक्क्यांवर. पण एक किलो फिशमीलसाठी चार-पाच किलो ताजी मासळी लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्यात तारलीच फार जाते, आणि तारली हा गरिबाच्या घरचा मासा. कोळंबीचे खाद्य करण्यासाठी तो मासा गिरणीत जातो, तेव्हा कोणाच्या तोंडचा घास कोणाला मिळतो, हे पाहिले पाहिजे. फिशमीलचा मोठा पुरवठा करणाऱ्या पेरूत 1972-73 साली एल निनोमुळे अँकोव्ही मासळी एकाएकी घटली. तेव्हा जगभर पशुखाद्य महागले, सोयाबीनही महागले.

मग फिशमील काढून सगळी पेंडच का घालू नये? तीन अडचणी आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. ते नीट शेकल्यावर जातात. मेथिओनिन हे अमिनो आम्ल त्यात कमी पडते. ते वेगळे घालावे लागते. आणि त्यातले बरेचसे फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेले असते. ते माशाला पचत नाही, विष्ठेवाटे तळ्यात उतरते. म्हणून खाद्यात फायटेज नावाचे विकर मिसळतात.

नॉर्वेच्या सामन माशाचे उदाहरण बोलके आहे. 1990 साली त्याच्या खाद्यात सुमारे 90 टक्के घटक समुद्रातले होते. 2013 पर्यंत ते 30 टक्क्यांवर आले. जागा भरली वनस्पतींनी, त्यात ब्राझीलचे सोयाबीनही आले. मासा वाढला, पण ज्या ओमेगा-3 साठी लोक सामन खातात, तेच त्याच्या मांसात कमी झाले. कारण त्यातली ईपीए आणि डीएचए ही स्निग्धाम्ले मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होतात, पेंडीत ती नसतात. आता त्या शेवाळाचेच तेल काढून खाद्यात घालू लागले आहेत.

आता आपले रोहू आणि कटला पाहा. सामन मांसाहारी, यांचे तसे नाही. रोहूला वेगळे जठर नाही, आतडे मात्र लांबलचक. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर हे मासे पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांत वाढत आले. त्यांच्या खाद्यात सोयापेंड सहज सामावते. मांसाहारी माशाला बळेच शाकाहारी करण्यापेक्षा, जो मुळातच कोंड्यापेंडीवर वाढतो तो मासा निवडणे सोपे, आणि समुद्रालाही हलके.

यात आपल्या आसपासच्या शेतकऱ्याचा स्वार्थ आहे, आणि तो लपवायचे कारण नाही. दाण्याचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. पेंडीला गिऱ्हाईक नसेल, तर मंडीत सोयाबीन पडून राहते. देशातल्या तळ्यांकडून मागणी वाढली, तर त्याचे निर्यातीवरचे अवलंबन तेवढे कमी होईल. मात्र पेंड नीट शेकलेली हवी आणि खाद्य बेताने टाकलेले हवे. नाहीतर तारली वाचेल आणि तळे नासेल.

म्हणून मासे खाणाऱ्या घरांना आमची एकच विनंती. बाजारात आपण डोळे आणि कल्ले पाहून मासा ताजा की शिळा ते ठरवतो. त्यासोबत एवढेही विचारू या, 'हा काय खाऊन वाढला?' गिऱ्हाईक विचारू लागले, की विकणाराही पुढे विचारतो.

भाद्रपदात बाप्पा येतील तेव्हा माळव्याच्या शेतांत सोयाबीनच्या शेंगा भरत असतील. त्या दाण्याचे सोने होवो, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!