निवृत्तांचे समाजजीवन



या ज्ञानसत्रात विद्वानांची व्याख्याने होतात, असे मी ऐकत आलो आहे. मी विद्वान नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली, आणि पुढे जे काही वाचन झाले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, पाळी सुटल्यावर. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की, मी किमान वेतनावर नाहीतर कामगार संहितांवर बोलेन. मी निवृत्त माणसांविषयी बोलणार म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. त्यांचे गप्प होणे मला समजले. तीस वर्षे चळवळीत काढूनही मी स्वतः या विषयावर गप्पच होतो. आम्ही युनियनवाले कामगाराला फाटकाच्या आत आहे तोवरच ओळखतो. ज्या दिवशी त्याला हार घालून आणि नारळ देऊन निरोप दिला, त्या दिवशी आमच्या वहीतून त्याचे नाव गेले.

वास्तविक आमच्या चळवळीचा पहिला मोठा विजय हा मोकळ्या वेळेचा विजय होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे धडपड केली आणि १८९० सालच्या जून महिन्यात मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आठवड्यातला एक दिवस माणसाला माणसांत बसता यावे, एवढीच मागणी होती. निवृत्त माणसाला तर आठवड्याचे सातही रविवार मिळतात. मग तो ते कोठे आणि कोणाबरोबर घालवतो, हे विचारायचे कोणी?

निवृत्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेन्शनर येतो. पुणे एके काळी पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जाई. सकाळी फिरायला जाणे, वर्तमानपत्र, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळी कट्टा. हा पेन्शनर सरकारी नोकरीतला होता. गिरणीतल्या माणसाला पेन्शन कसली? भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा, आणि आज जिला आपण कामगारांची पेन्शन म्हणतो ती योजना १९९५ च्या नोव्हेंबरातली. २०१४ साली तिची किमान रक्कम महिना एक हजार रुपये ठरली. हजार रुपयांत कोणता विरंगुळा होतो, याचा हिशेब श्रोत्यांनीच मांडावा.

आता पुण्यामुंबईच्या आसपास निवृत्तांसाठी खास वसाहती उभ्या राहिल्या आहेत. ही कल्पना वाढली अमेरिकेत. अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ कापसाची शेते होती. तेथे डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी नावाचे केवळ वयस्कांचे गाव विक्रीला काढले. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते पाहायला लाखाच्या घरात माणसे लोटली, असे सांगतात. कापसाच्या शेतात म्हातारपणाचे गाव हे वाचून मला गंमत वाटली, कारण माझे सगळे घराणेच कापसावर जगले. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या गृहस्थाने घरे विकायच्या आधी सभागृह, खेळाचे मैदान आणि दुकाने बांधून दाखवली. म्हातारा माणूस चार भिंती विकत घेत नाही, सोबत विकत घेतो, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते. पुढे ती करमणूक केंद्रे रहिवाशांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती आली. सुतारकामापासून नाचापर्यंत तऱ्हेतऱ्हेची मंडळे म्हातारेच चालवतात.

हे सारे चांगले. परंतु त्याच गावाने शाळांसाठी पैसा उभारण्याच्या प्रस्तावांना मतदानात पुन्हा पुन्हा नकार दिला, आणि शेवटी ते गाव त्या शाळांच्या कक्षेतून वेगळेच काढावे लागले. आमच्या घरात मूल नाही, मग शाळेला पैसा आम्ही का द्यावा, असा तो हिशेब. केवळ समवयस्कांत राहिले की माणसाला असे सुचू लागते. म्हणून वसाहतीची नक्कल करायची तर तिच्यातला सभागृहाचा भाग घ्यावा, कुंपणाचा घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

आमच्या गिरणगावात असे कुंपण नव्हते. कोकणातल्या एकेका गावाची मुंबईत एकेक खोली असे. तिच्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत, बसणे गॅलरीत. प्रत्येक चाळीत भजनी मंडळ, नाक्यावर व्यायामशाळा, गणपतीत शक्तितुरा. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने परळच्या वस्तीत वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालवल्या. जोशीबुवा पुढे कामगारांचे पुढारी झाले. आधी वाचनालय, मग युनियन, हा क्रम आम्ही पुढे विसरलो. पण त्या जीवनाची उगाच आरती ओवाळण्याचे कारण नाही. ते तारुण्याचे आणि मुख्यतः पुरुषांचे जीवन होते. म्हातारा झाला की गावी जायचे, हे ठरलेलेच होते.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले, म्हणजे हार-नारळ नाही, निरोप नाही, नुसतेच निवृत्त. आईने खानावळ काढली. वडील पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, आंघोळ करत, डोक्यावर टोपी घालत आणि गॅलरीत बसत. पुढे वीस वर्षे ते तसेच बसले. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात युनियनचे काम करी, शेकडो माणसांपुढे बोले; पण घरी आलो की त्यांच्याशी काय बोलावे ते मला कळत नसे. हे आज जाहीरपणे सांगतो, कारण यात मी एकटा नाही.

२०१२ च्या जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. एकूण ६,९२५ घरे. वडील तोवर गेले होते. वारस म्हणून आईला पुढे एक घर लागले. सव्वादोनशे चौरस फुटांचे, वीसहून अधिक मजल्यांच्या इमारतीत. चाळीतल्या खोलीपेक्षा मोठे आणि आत स्वतःचा संडास. आई पहिल्या दिवशी त्या संडासाच्या दाराला हळदकुंकू लावून आली, याचे कोणी हसू करू नये. परंतु महिन्याभरात ती म्हणाली, "हयसर दारां बंद आसतत रे." चाळीत माणूस दिसला नाही तर शेजारी हाक मारी. इमारतीत लिफ्टचे दार उघडते, माणूस आत जातो आणि आपल्या मजल्यावर नाहीसा होतो. आमच्या मजल्याच्या दोन मजले वर एक एकटे राहणारे जुने कामगार वारले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले. दाराला अडकवलेल्या दोन दुधाच्या पिशव्यांवरून.

त्यानंतर मी युनियनवाल्याच्या खाक्याने कामाला लागलो. आरोग्य शिबिर घेतले, जेजुरीची सहल काढली, एका प्राध्यापकांचे "वार्धक्यातील आनंद" या विषयावर व्याख्यान ठेवले. माणसे आली, चहा घेतला, गेली. प्राध्यापक बोलत होते तेव्हा मागच्या तीन रांगा नुसत्या मान डोलवत होत्या. नंतर समजले की त्यांना ऐकूच येत नव्हते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात. तो तुमचे ओठ वाचतो, हातवाऱ्यांनी बोलतो. माझे वडीलही साचेखात्यातलेच. हे मला आधी सुचायला हवे होते.

खरी सुरुवात झाली ती एका कागदावरून. संपानंतर ज्यांना परत घेतले आणि जे पुढे पंधरा-वीस वर्षे टिकले, त्यांना थोडीफार पेन्शन आहे. तिच्यासाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर, यंत्रावर देता येऊ लागला. आता सुताने आणि सोड्याने ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांचा ठसा यंत्र घेईल कसे? त्रासन खात्यातले एक आजोबा तीन ठिकाणी हिंडून आले आणि मला म्हणाले, "मी मेलो की जितो आसय, ता तू तरी सांग." दर वर्षाकाठी असे पंधरा-वीस जण निघत. तेव्हा आम्ही इमारतीच्या तळमजल्यावर एक टेबल मांडले. वाइंडिंग खात्यातली, चौथी शिकलेली एक बाई नावे लिहायला बसली. एक जुने जॉबर माणसांना रांगेत उभे करायला लागले. तो आवाज चाळीस वर्षांनी पुन्हा ऐकला. पुढे फोनवर चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय झाली, ती कोणाच्या तरी नातवाने सगळ्यांना शिकवली. काम आठवड्यात संपायचे. पण टेबल उचलावे असे कोणी म्हणेना. दाखला झाला तरी माणसे दुसऱ्या दिवशी येऊन बसू लागली.

मग जागेचे भांडण. इमारतीत सभागृह होते, त्याला कुलूप. सोसायटीच्या समितीने लग्नाला लावतात तेवढे भाडे आणि वर अनामत मागितली. म्हातारे आवाज करतील, घाण करतील, अशीही भीती दाखवली. मी नेहमीप्रमाणे मोर्चाची भाषा सुरू केली. म्हाताऱ्यांनी मला बाजूला केले आणि सर्वसाधारण सभेत मतांवर प्रश्न जिंकला. मते मिळाली कशी? संध्याकाळी शाळेतून येणाऱ्या आणि आईबाप कामावर असणाऱ्या मुलांना आम्ही सभागृहात बसवून घेऊ, असे त्यांनी सांगितले. तरुण सभासदांनी हात वर केले. दुपारी तीन ते सहा सभागृह मिळाले, आणि किल्ली जॉबरांच्या करगोट्याला आली. झाडलोट मंडळीच करतात.

आता तेथे काय चालते? कॅरम, पत्ते, मंगळवारी भजन. भजनाला बहिरे माणूसही येते, कारण टाळ हाताला कळतो. महिन्याला दहा रुपये वर्गणी. कोणी दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता वर जाऊन दार वाजवायचे, हा एकमेव लेखी नियम. बायकांचे सांगायचे तर बाई निवृत्त होतच नाही. स्वयंपाक आणि नातवंडे सुटत नाहीत. त्या तीनला येतात आणि साडेचारला उठतात. भजन पाचला ठेवले होते तोवर एकही बाई भजनात नव्हती, आणि आम्ही म्हणत होतो की बायकांना आवड नाही. वेळ साडेतीनची केली, तेव्हा पखवाज सोडून सगळे त्यांनीच ताब्यात घेतले.

मध्यंतरी तीनशे चाळीस रुपयांचा हिशेब लागेना. दोन वृद्ध गृहस्थ एकमेकांशी बोलेनासे झाले. मी मध्यस्थी करायला गेलो. मालक आणि कामगारांमधले कितीतरी तंटे मिटवले आहेत, हा तर काय! आमची खजिनदारीण मला म्हणाली, "तू गप ऱव. ह्यो आमचो हिशोब आसा." मी बाहेर येऊन बसलो. आत दीड तास भांडण चालले होते. माझे वडील गॅलरीत वीस वर्षे बसले, त्यांच्याशी भांडायला कोणी आले नाही. त्यांच्या हाती कोणी कशाचा हिशेब दिला नव्हता, मीसुद्धा नाही.

आपल्या गावातही गिरणीतून परतलेली माणसे आहेत, एस.टी.तून, साखर कारखान्यातून निवृत्त झालेली आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत. या शब्दाविषयी माझी तक्रार एवढीच, की नुसता विरंगुळा द्यायला गेलो तेव्हा मी तोंडघशी पडलो. आपल्या केंद्राची किल्ली कोणाकडे असते, एवढे या सभेतून घरी जाताना कोणी विचारून पाहावे.

आमच्या मंडळीची या वर्षी निवडणूक आहे. तीन ते सहाऐवजी दोन ते सहा जागा मागावी की नाही, यावर दोन तट पडले आहेत. प्रचार जोरात चालू आहे. मी कोणाच्याच बाजूचा नाही असे दोन्ही तटांना सांगितले आहे, आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास नाही.