ग्रुपवर युरोप हवा की नको?
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर काहीतरी बोल." एआयवर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली आहेत. मी आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलणार आहे. दुपारी जेवणानंतर आपली बैठक आहे आणि तिच्यात एक ठराव येणार आहे: ग्रुपवर यापुढे राजकारणावर चर्चा करायची नाही, वाढदिवस, सुखदुःखाच्या बातम्या आणि शाळेच्या सूचना एवढंच टाकायचं. माझा या ठरावाला विरोध आहे. जेवणानंतर अर्धी मंडळी पेंगतात आणि उरलेली लाँचची वेळ बघत बसतात, म्हणून आत्ताच बोलून घेते.

सर आणि बाई ग्रुपवर नाहीत, ते सुटले. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे विद्यार्थी उरण नगरपरिषदेवरून भांडत नाहीत. आमदार-खासदारांवरूनही फारसे नाहीत, कारण त्यातले निम्मे कुणाच्या ना कुणाच्या नात्यातले. आम्ही भांडतो ते युरोपवरून. ब्रेक्झिट, निर्वासित, युक्रेन, नाटो. मोऱ्याच्या जेट्टीवर लहानाचे मोठे झालेले लोक रात्री साडेअकरा वाजता पोलंडच्या सरहद्दीवरून एकमेकांना "तुला काय कळतं?" असं विचारतात. मागच्या दोन वर्षांत तिघांनी ग्रुप सोडला. त्यातला एक आज इथे आलेला नाही, आणि तो का आला नाही हे आपल्याला माहीत आहे. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं.

आपण युरोपवरून का भांडतो? माझं उत्तर असं की, युरोप लांब आहे म्हणून. घरातलं बोलायला जीभ अडखळते, लांबचं बोलायला सोपं जातं.

एक उदाहरण देते. २०२२ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या शेतकऱ्यांनी महामार्गांवर ट्रॅक्टर आणून उभे केले. तिथल्या सरकारला २०३० पर्यंत नायट्रोजनचं प्रदूषण निम्म्यावर आणायचं होतं, त्यासाठी गुरं कमी करायची आणि काही गोठे, शेतं सरकारनं विकत घ्यायची अशी योजना होती. ग्रुपवर एकानं लिहिलं, "मूठभर शेतकरी देशाला वेठीला धरतात." त्यावर आपल्यातल्या एकानं, ज्याच्या घरची जमीन बंदरासाठी गेली, भला मोठा मजकूर लिहिला. जमीन गेली की पैसे येतात, पण माणूस शेतकरी राहत नाही, मग त्यानं काय व्हायचं? शंभर जण तो मजकूर वाचत होते आणि कुणीच म्हणालं नाही की बाबा रे, तू हॉलंडचं बोलत नाहीयेस. तो जासईचं बोलत होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा आपण नीट बोलायलाही शिकलो नव्हतो. साडेबारा टक्क्यांचे भूखंड हा शब्द मात्र आपण घराघरांत ऐकत मोठे झालो. भांडण वरवर हेगचं होतं, आत दास्तान फाट्याचं होतं.

ब्रेक्झिटचंही तसंच. २३ जून २०१६ ला ब्रिटननं सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. ग्रुपवर जोरात सूर निघाला, "बरोबर केलं, बाहेरून येणाऱ्यांनी स्थानिकांच्या नोकऱ्या खाल्ल्या." तेव्हा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं एवढंच लिहिलं, "बाहेरून येणारी म्हणजे मी." दोन दिवस ग्रुप गप्प होता. आपण इथे बंदरात स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणतो, आणि ते बरोबरच म्हणतो. पण तीच आपली मुलगी तिकडे गेली की बाहेरची होते. हा पेच आपल्याला इथे बसून कधी दिसला नसता. तो ब्रेक्झिटनं दाखवला.

पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. एकानं मात्र विचारलं, "मग डॉक्टर वराडकर तिथे स्थानिक की बाहेरचे?" सध्या युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष असलेले अंतोनियो कोस्टा यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. तोच प्रश्न त्यांनाही लावून पाहा. इतका चांगला प्रश्न आपल्या ग्रुपवर फार वेळा आलेला नाही, आणि ठराव मंजूर झाला तर येणारही नाही.

काही जण म्हणतील, आपला काय संबंध? आपण कोण लागून गेलो युरोपवर मत द्यायला? पण ही खोड आपली जुनीच आहे. टिळकांच्या 'केसरी'चे वाचक आयर्लंडच्या स्वराज्याच्या चळवळीवर वाद घालत होते. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास लिहिला. या मंडळींना इटली, आयर्लंडची हौस नव्हती. स्वतःचं राज्य कसं मिळवायचं हे त्यांना समजून घ्यायचं होतं आणि ते उघड बोलण्यावर बंदी होती. लांबच्या देशाच्या आडून जवळचं बोलायची पद्धत आपल्याकडे तेव्हापासून आहे.

शिवाय संबंध आहेच, आणि तो मी माझ्या धंद्यातल्या गोष्टीनं दाखवते. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, १९८९ साली, न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. आता २७ जून २०१७ आठवा. त्या दिवशी बंदरातल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे रचलाय, काही कळेना. संगणकावरची कामं हातानं करायची पाळी आली, कंटेनर साचायला लागले. आपल्या वर्गातला एक जण तेव्हा ट्रेलरच्या धंद्यात होता, त्याला विचारा ते दिवस कसे काढले.

झालं काय होतं? युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे दुकानदार जसे टॅली वापरतात, तसं तिथल्या कंपन्या ते कर भरण्यासाठी वापरतात. कुणीतरी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष घातलं. ज्यानं मुकाट्यानं अपडेट घेतलं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं आणि तिथून आतल्या जाळ्यातून पसरलं. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचं युक्रेनमध्ये कार्यालय होतं. तिथून ते मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत गेलं, आणि न्हावा-शेव्यातलं ते टर्मिनल मर्स्कच्याच समूहाचं. कंपनीला नंतर सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. 'नॉटपेट्या' या नावानं हा हल्ला ओळखला जातो. वरवर ते खंडणीचं प्रकरण दिसत होतं, पण पैसे भरूनही कुलूप उघडणारच नव्हतं. हेतू नासधूस करण्याचाच होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं यामागे रशियाचं लष्कर असल्याचं जाहीरपणे सांगितलं, रशियानं ते नाकारलं.

म्हणजे रशिया-युक्रेनच्या वैराची झळ उरणला रणगाडे दिसण्याच्या पाच वर्षं आधीच लागली होती. आपल्या ट्रेलरवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, तुझं नाटोबद्दल मत काय. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणाऱ्या बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. आपल्यातले बोटीवर असलेले दोघे घरी उशिरा पोचले. मोऱ्याच्या माणसाला "जगाशी तुझा काय संबंध" असं विचारणं म्हणजे कोळ्याला "भरती-ओहोटीशी तुझा काय संबंध" विचारण्यासारखं आहे.

मग भांडणं वाईट थराला का जातात? ठराव मांडणाऱ्यांचं दुःख खरं आहे, ते मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्या एका मैत्रिणीचा भाचा तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होता. ती ग्रुपवर होती. त्या दिवसांत ग्रुपवर विमानं पाडल्याचे व्हिडिओ येत होते, "कसा धुतला" अशा टाळ्या पडत होत्या. त्यांतले काही व्हिडिओ युद्धाचे नव्हतेच. 'आर्मा ३' नावाच्या कॉम्प्युटर गेममधले होते. असे तुकडे तेव्हा जगभर युद्ध म्हणून फिरत होते. आपण गेमला टाळ्या देत होतो, आणि ती बाई फोन हातात घेऊन बुखारेस्टहून येणाऱ्या विमानाच्या यादीत नाव शोधत होती. मुलगा सुखरूप आला. ती मात्र ग्रुपवर आजतागायत काही लिहीत नाही.

हा दोष युरोपचा नाही आणि राजकारणाचाही नाही. समोरचा माणूस दिसत नाही, हा आहे. जेट्टीवर वाद घालताना आपल्याला समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो, मग आपण आवाज खाली आणतो. फोनवर तो चेहराच नाही, आणि पुढे ढकलायचं बटण मात्र अंगठ्याखाली आहे. त्या बटणानं काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं.  उरलेला ब्रेक आपल्या हातात आहे.

आणि ठराव मंजूर झाला तर काय होईल ते मी सांगते. फसवे व्हिडिओ थांबणार नाहीत, फक्त आपल्या ग्रुपऐवजी इतर ठिकाणी जातील. तिथे "हे कुठून आणलंस?" असं विचारणारा वर्गमित्र नसेल. आपला ग्रुप ही अशी जागा आहे, जिथे वेगळ्या मताचा माणूस आपल्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो. चाळिशीनंतर अशा किती जागा उरतात? ऑफिसात मी राजकारण बोलत नाही. सोसायटीत बोलत नाही. नातेवाइकांत सगळे एकाच सुरात बोलतात. माझं म्हणणं चूक आहे असं मला तोंडावर सांगणारी माणसं याच हॉलमध्ये बसली आहेत.

म्हणून ठरावाला मी दुरुस्ती सुचवते. बंदीऐवजी तीन नियम करू.

पहिला, व्हिडिओ किंवा बातमी टाकणाऱ्यानं ती कुठून आली हे सोबत लिहायचं. माहीत नसेल तर टाकायचीच नाही. आमच्या कामात कुणीही बदल केला की दुसऱ्यानं तपासल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्यात अपमान कुणी मानत नाही.

दुसरा, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं आणि त्यानं "हो, हेच म्हणतोय" असं म्हटल्यावर पुढे बोलायचं. यात नवीन काही नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी आधी पूर्वपक्ष मांडला, मगच उत्तर दिलं. सर, तुम्ही वक्तृत्व स्पर्धेआधी आम्हाला विरुद्ध बाजूनं बोलायला लावायचात, तेच हे.

तिसरा, कुठेही युद्ध, पूर, अपघात झाला की पहिला संदेश मताचा नको. पहिला प्रश्न असा हवा, "आपल्यापैकी कुणाचं कुणी तिथे आहे का?" आपल्या गावची माणसं बोटींवर आहेत, आखातात आहेत, इंग्लंड-जर्मनीत आहेत. उत्तर बहुतेक वेळा "हो" येईल.

ग्रुप सोडलेल्या तिघांना हे नियम दाखवून परत बोलवावं, असंही मी सुचवते. फोन मी करते. आज न आलेल्याशी माझी मतं अजिबात जुळत नाहीत. जुळतील अशी आशाही नाही. पण ज्याच्याशी भांडायला मजा येते असा माणूस गमावणं परवडत नाही.

आता ठरावाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना वेळ द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती. मी खाली बसून ऐकते, आणि उत्तर देण्याआधी त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगून दाखवते.