ती बोट आणि ते बोट

मराठीत पाण्यावर चालते ती बोट आणि हाताला असतं ते बोट. आजच्या भागात या दोघांची गाठ घालायची आहे. विषय आहे, लाकडी मॉडेल बोटीचा हल, म्हणजे तिचं मुख्य अंग, हाताने कसं घडवायचं.

शिवणीसारखं कोरायला सोपं, गाठी नसलेलं लाकूड घ्या. ठोकळ्यावर मधोमध रेघ मारा, वर, खाली आणि दोन्ही टोकांना. कापताना पुसली गेली की लगेच पुन्हा मारा, कारण डावं-उजवं मोजायचं ते तिच्यापासूनच. आधी वरून दिसणारा आकार कापा, मग बाजूने दिसणारा. त्यानंतर रंध्याने आणि पटाशीने कडा उतरवत जा. थोडं डावीकडे, मग तेवढंच उजवीकडे. एक बाजू फुगीर राहिली तर बोट पाण्यात कलते, सरळ सोडली तरी एकीकडे वळते. आणि इथे कंट्रोल-झेड नाही बरं का! काढलेलं लाकूड परत येत नाही.

माप जुळवायला पुठ्ठ्याचे अर्धे साचे करा. एकच साचा दोन्ही बाजूंना लावायचा. त्याच्या कडेला पेन्सिल घासून लाकडावर टेकवा. काळा डाग पडेल तिथे अजून लाकूड काढायचंय. पण साचे चार-पाच जागीच असतात. मधल्या भागाचं काय? तिथे बोटच कामाला येतं. डोळे मिटा आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत हात फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटाला बरोबर लागतो.

ही नुसती हौशी लोकांची युक्ती नाही हं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला जॉन आणि नॅथनेल हेरेशॉफ या भावांनी 1878 मध्ये बोटी बांधायची कंपनी काढली. नॅथनेल एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. तरी ते बोटीचा आकार आधी लाकडात कोरायचे. अर्धंच मॉडेल, कारण दुसरी बाजू आरशातल्यासारखी तशीच. मग त्यावरून मापं घेऊन, ती मोठी करून खरी बोट बांधायची. जॉन तर किशोरवयापासून अंध होते. ते मॉडेलवरून हात फिरवून आकार जोखायचे. 1893 ते 1920 मध्ये अमेरिकाज कप अमेरिकेकडे राखणाऱ्या सगळ्या बोटी नॅथनेल यांच्याच डिझाइनच्या!

आज सीएनसी मशीन हल तासून देतं, थ्रीडी प्रिंटर छापून देतो. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मशीनशी माझं वैर नाही. पण मशीनला आकडे द्यावे लागतात, आणि कुठला आकार चांगला हे आधी आपल्याला कळावं लागतं. ते कळायला एक तरी हल हाताने घासून बघाच.

शेवटची टीप: खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च लाकडालगत आडवा धरा. राहिलेले खड्डे सावलीत लगेच दिसतील. पहिली बोट वीतभरच करा, पुरते. भेटू पुढच्या भागात!